पहिलं पाणी फेकणाऱ्या पार्बताबाई

रेवा, मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, "आजी, इथे खिडकीबाहेर सगळं पांढरं झालंय. सूपची पाकिटं फोडून कंटाळा आला. तुझ्याकडचं काहीतरी गरम, पोटभरीचं लिहून पाठव." मागून ईशान ओरडला, "प्रमाणासकट!"

प्रमाणासकट लिहिणं हा माझा स्वभावच आहे. मी वही उघडली, वर तारीख घातली, खाली 'साहित्य' आणि 'प्रमाण' असे दोन रकाने आखले. पहिला रकाना भरला. दुसरा कोराच राहिला. कारण हा पदार्थ मी ज्या बाईंकडून शिकले, त्यांच्याकडे प्रमाण नावाची वस्तूच नव्हती. म्हणून आधी त्या बाईंबद्दल लिहिते. पदार्थ त्यांच्या मागोमाग येईल.

पार्बताबाई आसगावात आमच्या शेजारी राहत. तुमचे आबा शाळेतून निवृत्त झाले आणि आम्ही नागपूर सोडून त्यांच्या गावी नवं घर बांधलं, तेव्हा कुंपणापलीकडे पहिल्यांदा दिसल्या त्या याच. साठी उलटलेली, उंच, चालताना जरा पुढे झुकलेल्या. हिवाळाभर लुगड्यावर त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा राखाडी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मुलगी सिहोऱ्याला दिलेली. धानाच्या दोन बांध्या, म्हणजे खाचरं, ठोक्याने दुसऱ्याला करायला दिलेल्या. खुर्चीवर बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही. आमच्याकडे आल्या की पायरीवर बसत आणि म्हणत, "खुर्चीत बसलं का मानूस पाहुना होते."

धान घरात आलं आणि थंडी पडली, की त्यांच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर रोज सकाळी गंज चढे. गंज म्हणजे उभट पातेलं, आपल्याकडे त्याला गंजच म्हणतात. हा मात्र दहा घरांना पुरेल एवढा होता. गल्लीतला जो जाई तो त्यात काहीतरी टाकून जाई. कोणी शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीचे ओले सोले, म्हणजे सोललेले हिरवे दाणे, कोणी चार वांगी, कोणी पालकाची जुडी, कोणी ओंजळभर भेदरं. भेदरं म्हणजे टोमॅटो. कोणी विचारत नसे, कोणी सांगत नसे. शाळेची घंटा झाली की ज्याने त्याने आपापली वाटी घेऊन यायचं. ज्याच्या घरी काहीच नसे तो जळणाचं लाकूड आणी. एकदा एक म्हातारी रिकाम्या हाताने आली आणि संकोचून दाराशीच थांबली. पार्बताबाई म्हणाल्या, "ये वं, तू आली तं हवा आली. चूल कशी धडधड पेटली पाय."

पलीकडच्या घरी नवी सून आली होती. तिला वाटलं आपणही काही टाकावं, म्हणून तिने नूडल्सचं पाकीटच गंजात मोकळं केलं. बायका हसायला लागल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पार्बताबाईंनी पळीने ते लांब धागे ढवळले, वर उचलून पाहिले आणि म्हणाल्या, "आता हे बी आपल्याच गावचे." त्या दिवशी तो गंज सगळ्यात आधी संपला.

स्वयंपाक त्या कानाने करत. चुलीकडे पाठ करून शेंगा सोलत बसायच्या. मागे गंज रटरटत असायचा. मध्येच मान न वळवता सांगायच्या, "कण्या टाक वं कोनी." कण्या म्हणजे तांदळाची चुरी, तिने रस्सा दाट होतो. मी विचारलं, "न बघता कसं कळलं?" तर म्हणाल्या, "पतला असते तं बडबड करते. दाट झाला का हळू बोलते. तुमचे गुरुजी जेवल्यावर बोलतेत तसा."

पहिल्याच हिवाळ्यात मी वही, पेन आणि मोजायचा कप घेऊन त्यांच्या अंगणात गेले. बसायला घरून स्टूल नेलं.

"पाणी किती?"

"डुबते तेवढं."

"काय बुडतं तेवढं?"

"जे टाकलं ते."

मी लिहिलं : साहित्य बुडेल इतके पाणी. "आणि किती वेळ शिजवायचं?"

"शाळेची घंटा होते तवरी."

"आणि रविवारी?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "एतवारी कोनाले घाई असते जी?"

हेही मी लिहून घेतलं. मग डाळीवर आले. "ही तुरीचीच ना?"

"नाई जी. आज लाखोरी."

माझं पेन थांबलं. लाखोरी तुम्ही पाहिलेली नाही. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत तिचं बी नुसतं फेकून देतात. पुढे खत नाही, पाणी नाही, जमिनीतल्या ओलीवर ती येते. गरिबाचं पीक. पण कॉलेजात असताना मी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं, की महिनोन्‌महिने हीच डाळ खाणाऱ्यांचे पाय कडक होतात आणि पुन्हा सुधारत नाहीत. कितीतरी वर्षं तिच्या विक्रीवर बंदीही होती. मी वही मिटली.

"भेव वाटलं, मॅडम?" त्यांनी विचारलं. "वाटलंच पायजे. मले बी वाटते. माह्या बापाच्या मोठ्या भावाले मी दोन काठ्यांवर चालताना पाह्यलं. मजुरीत लाखोरीच भेटे. सकारी लाखोरी, सांजेले लाखोरी, धानाचा दाना नाई. तवापासून आमच्या घरी पयलं पानी फेकतेत."

मग त्यांनी मला दाखवलं. रात्रभर भिजवलेली डाळ खळखळ उकळायची. ते पाणी अंगणाच्या टोकाला एका खड्ड्यात ओतायचं, नालीत नाही, झाडाला नाही, शेळीच्या तोंडाशी तर नाहीच. डाळ पुन्हा धुवायची. मग नवं पाणी, नवा उकाळा, आणि त्यात बाकीच्या दहा जिनसा. आठवड्यातून दोनच दिवस लाखोरी, एरवी तूर नाहीतर मूग. हे पहिलं पाणी त्या दुसऱ्या कोणाला फेकू देत नसत. कंबर दुखत असली तरी स्वतः उचलून नेत.

मला हे पटलं, पण भीती गेली नाही. घरी येऊन मी आबांना बजावलं, "आपल्या घरात लाखोरी येणार नाही."

"नाही येणार," आबा लगेच म्हणाले.

आणि ती आली नाहीच. आबाच तिच्याकडे जात राहिले. सकाळी फिरायला म्हणून निघायचे ते पार्बताबाईंच्या अंगणापर्यंत फिरायचे. मी नेलेलं स्टूल तिथेच राहिलं होतं, त्यावर बसून दोन वाट्या रस्सा प्यायचे आणि मिशा पुसून घरी परत. मला ते माहीत होतं. त्यांना मला माहीत असल्याचं माहीत होतं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं चालतं.

असे तीन हिवाळे गेले. चौथ्या हिवाळ्यात, पूस म्हणजे पौष महिन्यातल्या एका सकाळी, आबा पाटावरून उठायला गेले आणि उठता आलं नाही. आधी हसले. मग हात टेकून पुन्हा उठू पाहिलं. पाय थरथरले आणि ते पुन्हा बसले. त्याआधी आठवडाभर "पाय जड वाटतात" म्हणत होते, मी थंडीवर घातलं होतं. आता मला कॉलेजातलं ते इंग्रजी पुस्तक आठवलं.

मुलांनो, त्यानंतर मी जे केलं ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे. मी डॉक्टरांना फोन करायच्या आधी कुंपण ओलांडून त्या अंगणात गेले. चारपाच बायका वाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "पार्बताबाई, तुमच्या या गंजाने माझ्या माणसाचे पाय घेतले."

आवाज चढवला नव्हता. वर्गात मुलांना घालून पाडून बोलताना जसा आवाज खाली येतो, तसा होता.

पार्बताबाईंनी एकच विचारलं, "एक पाय का दोनी?"

"दोन्ही."

त्या खाली बसल्या. दोन काठ्यांवरचा त्यांचा काका त्यांना दिसत असणार, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त राग दिसत होता. क्षणभराने त्या उठल्या, पदराने धरून चुलीवरून उकळता गंज उतरवला, अंगणाच्या टोकाला नेला आणि सगळा रस्सा खड्ड्यात पालथा केला. बायकांपैकी एकजण म्हणाली, "अवं, आज तं मुंगाची होती ना!" त्या म्हणाल्या, "असू दे. आता माह्या हातचं कोनी नोको खाऊ."

मुगाची होती, हे शब्द मी ऐकले आणि सोडून दिले.

गल्लीतल्या एकाने गाडी काढली. आबांना मागच्या सीटवर आडवं बसवलं. मी पुढे बसले, मांडीवर त्यांच्या आजारपणाची फाईल. मागचं दार लागलं का बघायला वळले तर पार्बताबाई आत बसलेल्या. कोणी बोलावलं नव्हतं. आबांचे दोन्ही पाय त्यांनी मांडीवर घेतले होते आणि तळवे चोळायला सुरुवातही केली होती.

पवनी मागे पडली तरी त्या तळवे चोळतच होत्या. मग आबा म्हणाले, "पार्बताबाई, पाय सोडा आता, तुमचे हात दुखून राहिले असतील."

"दुखू द्या. पाय तुमचे हायेत गुरुजी, पन खाऊ मी घातलं."

"मी मागून खाल्लं."

"मागनाऱ्याले काय समजते? देनाऱ्याले समजाले पायजे."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी "काय होतंय?" असं आबांना विचारलं, तर उत्तर पार्बताबाईंनी दिलं. "डाक्टरसाहेब, मी याइले लाखोरी खाऊ घातली. तीन साल. पयलं तेच लिवून घ्या. नाव पार्बता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कितीदा, कशी शिजवून, सोबत भात, भाजी काय काय, सगळं शांतपणे विचारलं. पार्बताबाईंनी पहिल्या पाण्याचं, आठवड्यातल्या दोन दिवसांचं, सगळं सांगितलं. स्वतःच्या बाजूने एक शब्द जास्त घातला नाही. मग डॉक्टरांनी गुडघ्यावर ठोकून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं आणि माझ्याकडे वळले. "रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील ना? बघू."

हा माझा प्रांत होता. मी फाईल उघडली. त्यात माझा तक्ता होता, तुम्ही पाहिलेला आहे, तीन रंगांच्या शाईतला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. सोबत सात दिवसांचा गोळ्यांचा डबा. डॉक्टरांनी तक्ता वाचला, डब्यातल्या दोन गोळ्या तळहातावर घेतल्या, रिकाम्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली.

"ही दुसरी गोळी कधीपासून?"

"दोन महिने. औषधाच्या दुकानातून नवीन आली. मी लगेच तक्त्यात ओळ वाढवली."

"बाई, ही नवीन नाही. जुनीच आहे. नाव वेगळं, आतलं औषध एकच. त्यांच्याकडे नेहमीची संपली असेल, म्हणून तिच्याऐवजी ही दिली. तुम्ही दोन्ही देत राहिलात."

दोन महिने मी रोज सकाळी, वेळेवर, घड्याळ बघून, आबांना दुप्पट औषध दिलं होतं. त्या गोळीने लघवी वाढते आणि तिच्याबरोबर शरीरातलं पोटॅशियम निघून जातं. ते फार उतरलं की पायांतलं बळ जातं. तासाभराने रक्ताचा कागद आला, त्यात तेच होतं.

मी इंग्रजी शिकवलं, मुलांनो. पाकिटावरची बारीक अक्षरं इंग्रजीतच होती.

"पाय येतील परत," डॉक्टर म्हणाले. "सलाइनमधून औषध देऊ. दोनतीन दिवस इथे ठेवू."

मी तक्ता मिटून फाईलमध्ये घातला. पार्बताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "मंग लाखोरीनं नाई?"

"नाही, आजी. रोज तेच खाऊ नका आणि पाणी फेकत जा, तुम्ही फेकताच. पण यांच्या पायांचा त्याच्याशी संबंध नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"कागदात तसंच लिवलं हाये?"

डॉक्टरांनी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाहेर निघून गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या असतील. थोड्या वेळाने बघायला गेले तर दवाखान्यासमोरच्या गाडीवर उभ्या राहून तर्री-पोहे खात होत्या. शेजारी एक रिकामी प्लेट होती, म्हणजे ही दुसरी. मला बघून म्हणाल्या, "सकारपासून पोटात काई नव्हतं, मॅडम. तुमच्यासाठी सांगू? तिखट हाये, पन चांगलं हाये."

मी म्हटलं, "पार्बताबाई, माझं चुकलं."

"आंदी खा. मंग बोला."

मी उभ्यानेच खाल्लं. तर्री खरंच तिखट होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं. प्लेट संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचा तो तक्ता पाह्यला मी. येवढ्या सुंदर अक्षरात कोनी दोनदा जहर लिवते?" आणि हसल्या. इतक्या मोठ्याने, की पोहेवाल्याने मान वर केली. मीही हसले. दोन महिन्यांची माझी चूक आणि सकाळपासूनची त्यांची धास्ती, दोन्ही त्या गाडीपाशी एकदमच उतरली.

तिसऱ्या दिवशी आबा दवाखान्याच्या जिन्याच्या आठ पायऱ्या कठडा न धरता उतरले. गल्लीत परतल्यावर बायका भोवती जमल्या. काय झालं होतं, कशानं झालं? पार्बताबाई घाईने म्हणाल्या, "औषधात थोडं इकडंतिकडं झालं. दुकानातूनच दोन नावाचं आलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या घंटेच्या वेळी मी त्या अंगणात गेले. गंज उपडा होता, चूल गार होती. चार दिवसांपूर्वी ज्या बायकांसमोर बोलले होते, त्यांना मी घरोघर जाऊन बोलावून आणलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं, की गोळी मी दोनदा दिली, आणि दोष यांना दिला. एक बाई म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम, शिकल्या-सवरल्याचं बी चुकते." दुसरी म्हणाली, "शिकल्या-सवरल्याचंच जास्त चुकते." पार्बताबाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं, पण मला ते बोलणं बरं वाटलं.

मग मी म्हटलं, "उद्या लाखोरी लावा. मला हवी आहे."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "पयलं पानी कोन फेकल?"

"मी फेकीन."

दुसऱ्या दिवशी मी ते गरम भांडं फडक्याने धरून अंगणाच्या टोकापर्यंत नेलं. वाटेत दोनदा हिंदकळलं. मागून सूचना येत होत्या, "हळू, मॅडम. नालीत नोको. पुढं, अखीन पुढं." त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा वाटी भरून तो रस्सा खाल्ला. लसणाची पात, तुरीचे गोड सोले, खाली विरघळलेली वांगी, वर कच्चं जवसाचं तेल आणि मूठभर सांबार. तुम्ही ज्याला कोथिंबीर म्हणता, ते आमचं सांबार. तोंडातून वाफा निघत होत्या. आबा त्याच स्टुलावर बसून माझ्याकडे न पाहता दुसरी वाटी पुढे करत होते.

तिथे तुम्हाला लाखोरी मिळणार नाही, आणि मिळाली तरी तुमच्याकडून मला ती जोखीम नको. हरभऱ्याची डाळ घ्या, चार तास भिजवा. जी भाजी घरात असेल ती घाला, एखादी शेजाऱ्याकडून मागून आणा. तांदूळ मिक्सरमध्ये जरासा फिरवला की कण्या होतात, त्या मूठभर. लसूण सढळ. पाणी बुडेल इतकं. वेळ मात्र मी सांगू शकत नाही, तुमच्या शाळेची घंटा मला ऐकू येत नाही. रस्सा हळू बोलायला लागला की उतरवा.

दोन वर्षांपूर्वी पार्बताबाईंच्या मुलीने हट्टाने त्यांना सिहोऱ्याला नेलं. एकट्या राहतात, डोळ्यांना कमी दिसतं, हे खरंच होतं. गंज त्यांनी पलीकडच्या त्या सुनेला दिला. लाखांदूरहून येणारी भंडाऱ्याची एस.टी. सकाळी येते. मी आणि आबा पोचवायला गेलो होतो. मुलीने दोन पिशव्या चढवल्या, पार्बताबाई खिडकीशी बसल्या, गाडी हलली. तेवढ्यात आबांना दिसलं, की त्यांची पानसुपारीची चंची थांब्याच्या ओट्यावरच राहिली आहे. मी काही म्हणायच्या आत त्यांनी ती उचलली आणि धावत सुटले. सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात चंची, एस.टी.च्या मागे.

"गुरुजी, पळून नोका राहू!" पार्बताबाई खिडकीतून ओरडल्या. "राहू द्या ते!"

आबा थांबले नाहीत. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि गाडी जरा हळू केली. आबा खिडकीपाशी पोचले, चंची वर धरली. पार्बताबाईंनी हात बाहेर काढून ती घेतली, पण त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. स्वेटरच्या बाह्या दुमडलेले दोन्ही हात खिडकीबाहेर, मान वाकवलेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या खाली, आबांच्या धावणाऱ्या पायांकडे बघत होत्या.